गया आत्या शुद्ध बोलली, त्या वर्षीची हळद

यंदा हळद लवकर निघाली. एसटी हट्ट्याकडं वळली तशी रस्त्याच्या कडेनं पिवळे ढीग दिसायला लागले आणि खिडकीतून तो वास आत आला. कच्च्या आल्याचा, ओल्या मातीचा, आणि मागून येणाऱ्या धुराचा. शेजारच्या माणसानं नाकाला रुमाल लावला; बाहेरगावचा असावा. मी काच पूर्ण सरकवली.

गावात उतरलो तर शेताकडं जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी ट्रॅक्टरला जोडलेला बॉयलर उभा. हल्ली हळद वाफेवर शिजते. लोखंडी टाक्या, त्यांना नळ्या, आणि एक माणूस चाव्या फिरवणारा. टाकी भरायची, वाफ सोडायची, ओतायची, पुन्हा भरायची. सकाळी आलेला बॉयलर दुपारी दुसऱ्याच्या शेतात गेलेला असतो. हळद एकसारखी शिजते, सरपण कमी लागतं, बायांचे डोळे धुरानं लाल होत नाहीत. मला हे सगळं पटतं. मी कढईचे गोडवे गाणाऱ्यातला नाही, कारण कढईखाली जाळ घालणारे हात आमच्याच घरातले होते. पण बॉयलरचा आवाज एवढा मोठा असतो की त्याच्या शेजारी बसून कोणाला बोलता येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. आणि ती कोणाकडं करायची, हे मला माहीत नाही.

मी विनोदी लिहिणारा माणूस आहे. होतो म्हटलं तरी चालेल. लिहिलं, नट झालो, एक सिनेमाही दिग्दर्शित केला. मुंबईत लोक विचारायचे, कुठं शिकलात हो हे? मी सांगायचो, हळदीच्या कढईपुढं. ते हसायचे. त्यांना तोही विनोदच वाटायचा.

*

कढई म्हणजे अंगणात मावणार नाही एवढी. खाली चर खणलेला, त्यात जाळ. वरून हळदीचाच पाला आणि त्यावर ओलं गोणपाट. वाफ कडेकडेनं निघायची आणि बसलेल्यांच्या केसांत, लुगड्यांत, भाकरीत शिरायची. मार्च उजाडेपर्यंत आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचे तळहात पिवळे. लग्न कोणाचंच नसायचं, आणि हळद सगळ्यांना लागलेली.

हळद शिजली का नाही हे काडी टोचून बघतात. काडी सहज आत गेली की शिजली. आमच्याकडं ही काडी गया आत्याच्या हातात असायची. गया आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून भावाकडं परत आलेली. बुटकी, हाडाची, दात मिश्रीनं काळे, आवाज घोगरा. ती "झाली" म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही असा रिवाज होता. त्यामुळं जाळ घालणारे, पाणी आणणारे, पाला सारणारे, सगळे तिच्या तोंडापुढं अडकून पडायचे. आणि तिचं तोंड थांबायचं नाही.

स्वतः मात्र हसायची नाही. लोक पोट धरून लोळायचे आणि ही कोरड्या चेहऱ्यानं काडी टोचत बसलेली.

एकदा पुण्याला कंपनीत असलेला आमचा एक नातेवाईक आला. बूट घालूनच जाळाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही अजून कढईतच शिजवता?"

आत्यानं मान वर केली नाही. "मंग काय तुह्या डोस्क्यात शिजवू? तेबी रिकामंच हाये. पर बूड पातळ हाये रे बाबू, करपंल."

सुनीसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीसाठी, एक स्थळ आलं होतं. कोणीतरी विचारलं, पोरगं काय करतंय? आत्या म्हणाली, "करत न्हाई. करून राहिलंय म्हणतेत. काय करून राहिलंय ते अजून त्याच्या मायलाबी समजलं न्हाई." ते स्थळ त्या एका वाक्यानं मोडलं. सुनी अजून म्हणते, आत्यानं वाचवलं मला.

निवडणुकीला उभा असलेला एक जण शेतापर्यंत हात जोडत आला. तो गेल्यावर आत्या म्हणाली, "पाच वर्सानं हात जोडून राहिला. मधात ते हात कुठं असतेत, कोणी इचारलं का?" ज्यांचं शेत होतं ते बालाजीराव त्या माणसाच्याच पार्टीतले. त्यांनी तोंड फिरवून उपरणं तोंडावर घेतलं. खांदे हलत होते, सगळ्यांना दिसलं.

आणि मी बी.ए. झालो तेव्हा. आमच्या घरात पहिला बी.ए. मी. हे मी मिरवतो. ज्याच्या मागच्या सगळ्यांनी अंगठाच उठवला त्यानं सही मिरवली तर कोणाचं काय जातं? माय वस्तीभर साखर वाटत होती. एका बाईनं कढईपुढं विचारलं, बी.ए. झाला म्हंजी काय झाला गं गया? आत्यानं काडी टोचली, वास घेतला आणि म्हणाली, "म्हंजी आता त्याला काम सांगताबी येत न्हाई, आन काम कोणी देतबी न्हाई." 

माझ्या पिढीवर लोकांनी जाड पुस्तकं लिहिली आहेत. आत्याच्या या वाक्याहून त्यांत जास्तीचं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

*

कॉलेज वसमतचं. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातले. हिंगोली वेगळी व्हायची होती. स्नेहसंमेलनात मी एक एकांकिका लिहिली, बसवली, तीत कामही केलं. त्यात सगळं आत्याचंच बोलणं होतं. पोरांनी बाकं बडवली. मागं उभे असलेले शिपाईसुद्धा हसत होते. शेवटी बाहेरून आलेले परीक्षक माईकपुढं आले आणि म्हणाले, "लेखकाकडं निरीक्षण आहे. भाषा मात्र सुधारावी."

मी खालूनच विचारलं, "सर, काय बिघडलंय तिचं?"

नंबर अर्थात आला नाही. पण मला त्या दिवसापासून एक वेड लागलं. आत्याचं बोलणं, जसंच्या तसं, कुठंतरी पक्कं करून ठेवायचं. कागदावर ते येत नव्हतं. कागदावर तिचा कोरडा चेहरा कुठं येतो? वाक्य संपल्यावर काडी टोचण्याआधी ती जेवढी थांबायची ते थांबणं कुठं येतं? हे फक्त सिनेमात येईल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मास्तरकीचे अर्ज भरत राहिलो, आणि हे सांगत राहिलो.

हिंगोली जिल्हा झाला, दुकानांवरच्या पाट्या नव्यानं रंगल्या, त्या सुमारास गावागावांत सीडी आली. टीव्ही आणि प्लेअर भाड्यानं आणायचा, चौकात लावायचा आणि कुठल्या कुठल्या भागातल्या लोकांनी काढलेले विनोदी सिनेमे बघायचे. ते त्यांच्या बोलीत होते. मला वाटलं, आपला का नाही?

वसमतला सलीमभाई लग्नाच्या शूटिंगा घ्यायचे. जाडे, दम्याचे, बोलायला गोड. ज्या दिवशी लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी कॅमेरा घेऊन येतो म्हणाले. गोष्ट साधी होती. पोरगी बघायला आलेले पाहुणे वाट चुकून हळदीच्या शेतात येतात, कढईपुढं बसलेल्या बाईलाच पोरीची माय समजतात, आणि ती बाई त्यांना सोलून काढते. बी.ए. झालेला नवरदेव मी. बाई गया आत्या. तिला पाठ काहीच करायचं नव्हतं. फक्त रोजचं बोलायचं होतं.

"सिनेमा म्हंजी ते राहतंय नं रे?" तिनं विचारलं. "फोटोवानी?"

"राहतं आत्या. आपण गेलो तरी राहतं."

तिनं अंगावरच्या लुगड्याचा विटलेला काठ बघितला. मग म्हणाली, "मंग नवं लुगडं नेसावं लागंल."

नवं लुगडं नेसून हळद कोण शिजवतं, हे मी तिला समजावत होतो. तेव्हाच मला पुढचं कळायला पाहिजे होतं.

*

सकाळ होती. कढईला उकळी आलेली, ऊन कोवळं, बाया जाळाभोवती बसलेल्या. सलीमभाईंनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. मी नवरदेवाच्या कपड्यात. सलीमभाई म्हणाले, "चालू," आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

गया आत्या उठून उभी राहिली. पदर सावरला. काडी खाली ठेवली. दोन्ही हात जोडले आणि जयंतीच्या मंडपात पुढारी बोलतात त्या सुरात म्हणाली, "आदरणीय व्यासपीठ, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू आणि भगिनींनो."

तिच्यासमोर एक कढई होती आणि दोन बकऱ्या.

"आत्या, व्यासपीठ कुठंय?" मी म्हणालो. "मी पाहुणा हाव. मी इचारतो, पोरीची माय तुमीच का. मंग तू बोल."

पुन्हा दिवा लागला. मी विचारलं. ती म्हणाली, "होय. मी पोरीची आई णाही, परंतु आपण बसूण घ्यावे."

पुस्तकी माणसं "ण" म्हणतात आणि आपण "न" म्हणतो, एवढं तिला ठाऊक होतं. कुठं कुठं म्हणतात ते ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं सगळीकडंच "ण" लावला. ती नाही नव्हे, णाही म्हणाली. नवरा नव्हे, णवरा. ज्या वाक्यानं सुनीचं स्थळ मोडलं होतं ते मी मुद्दाम सिनेमात ठेवलं होतं. ते असं आलं: "तो मुलगा करीत आहे. काय करीत आहे ते अजूण त्याच्या आईसही समजले णाही."

कोणी हसलं नाही. बाया अदबीनं ऐकत होत्या. आणि वाईट म्हणजे, आता त्याही तशाच बोलायला लागल्या. पाला सारणारी सखू, जी आयुष्यात शिव्यांशिवाय वाक्य बोलली नसेल, ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "कृपया थोडे पाणी आणा."

सलीमभाई दमा सांभाळत हसत होते. "भाई, बुढी चाय पीते टाईम तो फटाके छोड री थी. कॅमेरा देख के पंडित हो गई." मग त्यांनी युक्ती काढली. लाल दिव्यावर ओल्या हळदीचा लेप दिला. दिवा दिसेनासा झाला. आत्या दोन मिनिटं रोजचं बोलली. मला वाटलं, जमलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "दिवा झाकला म्हंजी गया आंधळी झाली व्हय रे?" आणि परत हात जोडले.

दुपारी जाळ मंद होता तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. चिडलेला होतो.

"आत्या, तू काहून असं करून राहिली? रोज बोलतीस तसं बोल नं."

"रोजचं रोज झालं," ती म्हणाली. "हे राहणार हाये म्हनलास. मंग राहणारं चांगलं नको व्हय?"

"तुव्हं रोजचंच चांगलं हाये. लोक हसाया पायजेत."

"कशाला हसाया पायजेत? मी जे बोलले त्याला, का मी जशी बोलले त्याला?"

ती जाळात एक लाकूड सारून म्हणाली, "हितं समदे माह्यासारखेच बोलतेत. म्हणून बोललेल्याला हसतेत. दुरच्या मानसाला तसं न्हाई लागत. त्याला हळद दिसत न्हाई, निस्ता पिवळा हात दिसतो."

मी म्हणालो, असं काही नसतं. मी बी.ए. होतो.

*

सिनेमा चौकात लावला तो संध्याकाळी, दिवेलागणीला. आमची वस्ती आली, बालाजीरावांची माणसं आली, म्हाताऱ्यांसाठी बाजा टाकल्या. पडद्यावर आत्या हात जोडून उभी राहिली आणि अख्खा चौक चिडीचूप झाला. शेवटपर्यंत कोणी हसलं नाही. पोरं हसायला लागली तर त्यांना पाठीत धपाटे बसले. संपल्यावर टाळ्या वाजल्या, खऱ्या, मनापासून.

"गया रेडिओवानी बोलली."

"आपल्या वस्तीतली वाटलीच न्हाई."

बालाजीराव उठून तिच्यापर्यंत गेले. "गयाबाई, आज तुमी मास्तरीण वाटल्या."

आत्या हसली. माझ्या आठवणीत ती एकदाच हसली, ती तेव्हा.

विनोदी सिनेमा बघून गावाला अभिमान वाटला. विनोदी सिनेमाचं याहून वाईट काही होऊ शकत नाही, आणि हे त्या चौकात सांगायला मला एक माणूस नव्हता. नांदेडच्या सीडीवाल्यानं सगळा माल परत केला. "कॉमेडी म्हणून लावली तर लोकांना वाटलं सरकारी जाहिरात आहे," म्हणाला.

*

मग मुंबई. एका विनोदी मालिकेला आमच्या भागातला लेखक पाहिजे होता, कुठल्या तरी एकांकिका स्पर्धेतून माझं नाव त्यांच्यापर्यंत गेलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो.

"सर, मी येऊन राहिलो," मी म्हणालो.

"अरे वा, आलात पण? कुठं राहिलात?"

"राहिलो नाही सर. येऊन राहिलो."

"तेच विचारतोय. येऊन कुठं राहिलात?"

"सर, अजून पनवेलबी आलं न्हाई."

पलीकडं मोठा हशा झाला. फोन स्पीकरवर होता. मी पोचलो तोपर्यंत माझी भूमिका ठरली होती. लेखनासाठी बोलावलेला मी गडी झालो. मालक घंटी वाजवणार, मी आतून "येऊन राहिलो" म्हणणार, आणि येणार नाही. एवढंच. घंटी, येऊन राहिलो, हशा. लोकांना ते इतकं आवडलं की वर्षभर मी तेच म्हणत होतो. माझं जेवायला वाढ म्हणण्याइतकं साधं वाक्य. त्याचं मला मानधन मिळत होतं.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. तालमीत हात धरून सांगायचा, "तोंड जरा वाकडं करा. 'काहून' लांबवा. काऽऽहून. आणखी गावठी."

"सर, असं कोणी बोलत नाही आमच्याकडं."

"मग प्रेक्षकांना कळणार कसं, तुम्ही तिकडचे?"

रोज थोडं थोडं तोंड वाकडं केलं. मधल्या काळात मी माझी खरी गोष्ट लिहून मालिकेवाल्यांना दिली होती. कढई, बाया, कोरड्या चेहऱ्याची म्हातारी. त्यांनी ती वाचली, हे मी मान्य करतो. मग विचारलं, "पण सगळेच असं बोलतात? यात नॉर्मल कोण बोलतं?"

गडी लोकप्रिय झाला तसे दुसऱ्या मालिकांतही तसे गडी आले. एक पुण्याचा देखणा मुलगा माझ्याहून जास्त चालला. त्याला आमची बोली अजिबात येत नव्हती, त्यामुळं तो ती बिनधास्त बोलायचा. माझी मालिका बंद पडली तेव्हा कोणाला कळलंही नाही. त्या वेळेला टीव्हीवर आता त्याचीच मालिका लागायची.

हिंगोलीच्या स्टँडवर मात्र मी अजून ओळखीचा आहे. "ते बघ, येऊन राहिलो आलं," म्हणतात. प्रेमानं म्हणतात. पण कॉलेजातली पोरं आता एकमेकांत "येतोय" म्हणतात. एखाद्याच्या तोंडून "येऊन राहिलो" निघालंच तर बाकीचे घंटी वाजवल्यासारखं करतात आणि तो लाजतो. हे माझ्यामुळं झालं असं म्हणण्याएवढा मी मोठा नाही. टीव्ही होता, शाळा होत्या, शहर होतं. पण ती घंटी माझ्या मालिकेतली आहे.

आत्यानं मला टीव्हीवर पाहिलं ते सुनीच्या सासरी. फोन सुनीनं तिच्या कानाला लावून दिला.

"बघितलं रे," ती म्हणाली. "चांगलं करून राहिलास. अंगबी भरलंय."

"हसू आलं का आत्या?"

ती जरा थांबली. तिचं ते थांबणं मला फोनमध्येही ओळखू आलं. "लोकं हसले. पर असं आपल्यात कोण बोलतंय रे?"

*

आत्या गेली तेव्हा मी इकडंच होतो. मुंबईत मला काम उरलं नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यात तिला ठेवलं होतं. पोटाचं होतं, उशिरा कळलं. तिथं ती डॉक्टरांशी, नर्सशी, झाडणाऱ्या बाईशी सगळ्यांशी तेच बोलायची. "डॉक्टरसाहेब, मला झोप येत णाही." शेजारच्या खाटेवरच्या लोकांना वाटलं, बाई शिक्षिका असावी. सुनीनं एकदा कानाशी जाऊन सांगितलं, आत्या, आमीच हाव हितं, दुसरं कोणी न्हाई. आत्यानं खोलीभर नजर फिरवली आणि मान हलवली. दवाखाना म्हणजे तिच्या हिशेबात व्यासपीठच होतं.

शेवटी ती माझ्याशी जे बोलली ते हे: "तू जेवलास का? जेवूण घे."

मी जेवून घेतलं. आलो तर सुनी दारात उभी होती.

*

यंदा गावी आलो तो सलीमभाईंच्या निरोपामुळं. त्यांचं दुकान बंद होतंय. आता लग्नात प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. जुन्या टेपा साफ करताना त्यांना आमच्या सिनेमाची एक कच्ची टेप सापडली आणि त्यांनी तिची सीडी करून ठेवली. "एक टुकडा है भाई," ते फोनवर म्हणाले. "मैं चाय पीने गया था, कॅमेरा चालू रह गया. बुढी को मालूम नहीं था. असली माल है." मग म्हणाले, "मगर माईक बंद करके गया था मैं."

सुनीच्या घरी आम्ही ती सीडी लावली. दुपार होती, तिची पोरं शाळेत होती. पडद्यावर कढई आली. वाफ, गोणपाट, जाळाभोवती बाया. आणि आत्या, नव्या लुगड्यातली, पदर कमरेला खोचलेला, हातात काडी. कॅमेऱ्याकडं तिचं लक्ष नाही. ती बोलतेय. ओठ भराभर हलतात, थांबतात, ती काडी टोचते, आणि सखू मागं कलंडते. दुसरी बाई तोंडात पदर कोंबते. बालाजीराव मागून जाता जाता थबकतात आणि उपरणं तोंडावर घेतात. आत्या कोरडीच. पुन्हा बोलते. पुन्हा सगळ्या लोळतात. आवाज नाही.

जे मला आयुष्यभर पाहिजे होतं ते तिथं होतं. आणि मी या धंद्यात काम केलेला माणूस आहे. मुंबईत दुसऱ्यांच्या ओठांवर आवाज बसवायचं काम मी केलंय. ओठ बघून शब्द ओळखता येतात. मी सुनीला म्हणालो, थांब, मी बोलतो. मागं नेलं. ओठ गोल झाले, तिथं "काहून" होतं, हे नक्की. मग "रे". मग बहुतेक "लेका". मी आत्याच्या ओठांबरोबर बोललो. पुन्हा मागं नेलं, पुन्हा बोललो. घोगरा आवाज काढला. थांबणं जुळवलं.

सुनी ऐकत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दादा, ही आत्या न्हाई. हा तुह्या शिरेलमधला गडी हाये."

"मंग तू बोल."

तिनं प्रयत्न केला. पण तिची पोरं इंग्रजी शाळेत जातात, ती घरातही त्यांच्याशी जपून बोलते. दोन शब्द बोलली आणि तिचा तिलाच आवाज परका वाटला. पडद्यावर बाया अजून हसत होत्या. एक जण तर डोळे पुसत होती, धुरानं का हसण्यानं, ते कळत नव्हतं.

"काय म्हणली असंल रे आत्या?" सुनीनं विचारलं.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो, आणि तेवढंही त्या गड्याच्याच आवाजात निघालं.